गाठीला रक्त किती जातं हे एमआरआयमध्ये कसं कळतं?

रेवती_इस्लामपूर

वय ४३, दोन मुलं, शाळेत शिकवते. गेली दोन वर्षं पाळीत अंगावरून इतकं जातं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्गात उभं राहवत नाही. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ७.६ वर आलं, सलाईनमधून दोनदा लोह घेतलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत दोन गाठी (फायब्रॉइड) निघाल्या. एक ३ सेमीची आणि दुसरी ८ सेमीची, पाठीमागच्या भिंतीत. आमच्या डॉक्टरांनी पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं. सासूबाईंची आणि मोठ्या जाऊबाईंची काढलेली आहे, त्यामुळे घरात कोणाला त्यात विशेष वाटत नाही. मला मात्र काढायची नाहीये.

पुण्यात एका इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टना दाखवलं. ते म्हणाले, जांघेतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येईल (याला एम्बोलायझेशन म्हणतात), पण आधी इंजेक्शन देऊन एमआरआय करा, गाठीत रक्त खेळतंय का ते बघायचंय.

सोनोग्राफीत डॉप्लर लावला तेव्हा लाल-निळे रंग दिसले होते. तेवढ्यावर भागत नाही का? आणि वाहतं रक्त फोटोत मोजतात तरी कसं? एमआरआयच्या वेळी देतात त्या गॅडोलिनियम नावाच्या औषधाच्या इंजेक्शनची तर भीतीच वाटते. कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

वैशाली_ठाणे

रेवतीताई, एमआरआय कराच. माझंही एम्बोलायझेशन ठरलं होतं, तारीखसुद्धा मिळाली होती. एमआरआयमध्ये निघालं की ७ सेमीच्या गाठीत रक्तच जात नाहीये, ती आधीच मेलेली आहे. तेव्हा आठवलं, गणपतीच्या आधी आठ दिवस पोट एका जागी भयंकर दुखलं होतं आणि मी अपचन समजून ओवा खात होते. रक्तस्राव होत होता तो दुसऱ्याच २ सेमीच्या गाठीमुळे, जी आत अस्तराकडे फुगली होती. ती दुर्बिणीने खालूनच काढली, दुसऱ्या दिवशी घरी. ज्या गाठीत रक्तच नाही तिचं रक्त काय बंद करणार?

शुभांगी_स्कॅनरूम

मी एमआरआय तंत्रज्ञ आहे, चौदा वर्षं हेच काम करते. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. मी लिहितेय ते मशीनच्या बाजूने.

आधी डॉप्लरचं. त्यात रंग दिसतात ते जरा मोठ्या नळ्यांमधल्या, जोरात वाहणाऱ्या रक्ताचे. गाठीभोवती नळ्यांचं कडं असतं, ते छान दिसतं. पण गाठीच्या पोटात केसासारख्या नळ्यांतून जे रक्त झिरपतं ते डॉप्लरला फारसं पकडता येत नाही, आणि तुमची गाठ तर मागच्या भिंतीत, खोल आहे. डॉप्लर चुकीचा नाही, त्याची पोहोच तेवढीच.

आता मोजतात कसं. झोपवल्यावर पोटावर कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारं साधन, बांधतो, हाताला सुई लावून ठेवतो. आतडं हललं की चित्र धूसर होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते शांत करणारं इंजेक्शनही देतात. आधी साधी चित्रं घेतो. मग औषध सोडतो. किलोमागे ०.१ मिलिमोल हा नेहमीचा डोस. नेहमीच्या तीव्रतेचं औषध असेल तर ५८ किलोच्या बाईला साधारण ११.६ मिली, मागून सलाईन. औषध शिरत असताना त्याच जागेची चित्रं दर थोड्या सेकंदांनी पुन्हा पुन्हा घेत राहतो, काही मिनिटं. गॅडोलिनियम पोहोचलं की ती जागा उजळते. किती लवकर उजळली, किती उजळली, याची रेषा संगणक काढतो. गाठीची एक रेषा, पिशवीच्या निरोगी स्नायूची दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या की गाठ रक्त किती ओढते ते कळतं.

हे पाण्याच्या मीटरसारखं थेट मोजमाप नाही. औषध नळ्यांमधून बाहेर पाझरतंही, त्यामुळे त्या रेषेत वाहणं आणि पाझरणं दोन्ही मिसळलेलं असतं. के-ट्रान्स नावाचा आकडा काढतात, त्यातही दोन्ही येतं. बऱ्याच रिपोर्टांत आकडा नसतोच, गाठीचा किती भाग उजळला एवढंच शब्दांत लिहितात. एम्बोलायझेशन करायचं की नाही हे ठरवायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. गाठीच्या आत जुनं रक्त साकळलं असेल तर ती जागा इंजेक्शनच्या आधीच पांढरी दिसते. नंतरचं चित्र एकटं पाहिलं तर वाटतं, वा, रक्त येतंय! म्हणून नंतरच्या चित्रातून आधीचं वजा करतात, त्याला सबट्रॅक्शन म्हणतात. वजा केल्यावर जे उरतं तेच खरं. एकदा माझ्यासमोर बाहेरून आणलेली सीडी उघडली. इंजेक्शनच्या आधीची, चरबीची चमक दाबून घ्यायची चित्रं घेतलीच नव्हती. त्या बाईंना सगळा खर्च पुन्हा करावा लागला. अपॉइंटमेंट घेताना एवढं विचाराच: 'आधीची आणि नंतरची, दोन्ही चित्रं घेणार ना? वजा करून देणार ना?' विचारायला लाजू नका. पैसे तुमचे आहेत आणि शरीरही तुमचंच.

आणखी एक. पिशवीला रक्त मुख्यतः दोन्ही बाजूंच्या गर्भाशयाच्या धमन्यांतून येतं. पण कधीकधी गाठीला बीजकोशाच्या धमनीतूनही फांदी फुटलेली असते. ती धमनी थेट महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या जरा खालून निघते. ती न बघता फक्त खालच्या दोन नळ्या बंद केल्या तर गाठ जगते. नळ्यांची चित्रं त्याच वेळी घेता येतात, म्हणून तेही डॉक्टरांना विचारून ठेवा.

प्राची_बेळगाव

माझं एम्बोलायझेशन झालंय. पहिली रात्र खूप दुखलं, ते आधी माहीत असलेलं बरं. वेदनाशामक मागून घ्या, सहन करत बसू नका. मला डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट अजून लक्षात आहे. १९९५ साली पॅरिसच्या राव्हिना आणि सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा मांडलं. त्याआधी ते गाठीच्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून नळ्या बंद करत होते. मग दिसलं की काही बायकांचा त्रासच गेला, ऑपरेशनची गरज उरली नाही. सहा महिन्यांनी माझा पुन्हा एमआरआय केला. पिशवी उजळलेली, गाठ काळीकुट्ट. डॉक्टरांनी स्क्रीन वळवून दाखवली तेव्हा मी रडले. पाच वर्षं जिने मला झोपू दिलं नाही ती तिथे निपचित पडलेली.

रेवती_इस्लामपूर

प्राचीताई, वाचताना माझेही डोळे भरून आले. शुभांगीताई, इंजेक्शनचं राहिलं. आणि इंजेक्शनशिवाय होतच नाही का?

शुभांगी_स्कॅनरूम

राहिलंच ते. हे सीटी स्कॅनला देतात तसलं आयोडिनवालं औषध नाही. मूत्रपिंड अगदीच कमजोर असेल, म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) ३० च्या खाली, तर विशेष काळजी घ्यावी लागते, म्हणून क्रिएटिनिनची रक्तचाचणी करून या. गरोदरपणात टाळतात. थोडा अंश शरीरात राहतो हे खरं आहे. मॅक्रोसायक्लिक प्रकारात, म्हणजे गॅडोलिनियम बंद कड्यात धरून ठेवणाऱ्या औषधांत, तो कमी राहतो. युरोपात २०१७ साली जुन्या लिनियर (उघड्या साखळीच्या) प्रकारच्या बऱ्याच औषधांवर बंधनं आली. तुमच्या सेंटरवर कोणतं औषध वापरतात ते नाव लिहून घ्या. आधी कधी कॉन्ट्रास्टची (चित्र उजळवणाऱ्या अशा औषधाची) ॲलर्जी आली असेल, दमा असेल, तर सुई लावायच्या आधी सांगा.

इंजेक्शनशिवायचे दोन मार्ग आहेत. एकात रक्तातल्या पाण्यालाच चुंबकाने खूण करतात आणि खूण केलेलं पाणी गाठीत किती पोहोचलं ते बघतात. दुसऱ्यात पाण्याच्या कणांची हालचाल बघून बारीक नळ्यांतलं वाहणं वेगळं काढतात. ही कल्पना फ्रान्सच्या देनी ल बिहाँ यांनी १९८० च्या दशकात मांडली. ओटीपोटात हलणं फार आणि सिग्नल क्षीण, म्हणून रोजच्या कामात मी ते अजून फारसं पाहिलेलं नाही. मूत्रपिंडाचे रुग्ण येतात तेव्हा दर वेळी वाटतं, हे लवकर पक्कं व्हायला हवं.

अजून एक सुचलं. ध्वनिलहरींनी गाठ भाजायचा उपाय कोणी सुचवला तरी हीच रेषा उपयोगी पडते. भरपूर रक्त वाहणारी गाठ उष्णता वाहून नेते, नीट तापतच नाही. एम्बोलायझेशनमध्ये मात्र भरपूर रक्त हेच फायद्याचं.

रेवती_इस्लामपूर

शनिवारी झाला. मंगळसूत्र, जोडव्या, क्लिपा सगळं काढून यांच्या हातात दिलं. पाऊण तास. इंजेक्शन शिरताना दंडापर्यंत गार वाटलं, बाकी काही नाही. वजा केलेली चित्रं मागून घेतली, तंत्रज्ञ दादांनी न कुरकुरता दिली.

मोठ्या गाठीत सगळीकडे रक्त आहे, मधला लिंबाएवढा भाग सोडून. तो आधी पांढरा होता आणि वजा केल्यावर काळा निघाला, शुभांगीताई, अगदी तुम्ही लिहिलंत तसाच. बीजकोशाकडून फांदी नाही. डॉक्टर म्हणाले, करू शकतो. बुधवारची तारीख मिळाली आहे. रिपोर्ट घरी वाचून दाखवला, सासूबाईंनी सगळा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, 'दवाखान्यात रात्री तुझ्याजवळ मी थांबते.'