वेताळ पडद्यावर आला आणि... (तुमचे अपेक्षाभंग लिहा)

गोदाकाठ: दिवाळीची साफसफाई काढली, तर माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला. काम राहिलं बाजूला, फतकल मारून वाचत बसले. मग त्यातल्या वेताळावरचा, म्हणजे फँटमवरचा, १९९६चा तो 'फँटम' सिनेमा आठवला आणि पुन्हा डोकं फिरलं. नायक बिली झेन देखणा, घोडा पांढराशुभ्र, लांडगाही होता. पण वेताळाचे डोळे कधी कुणी पाहिलेत का? चित्रात मुखवट्यामागे नुसत्या पांढऱ्या फटी, म्हणून तर दरारा! इथे डोळे दिसतात, वर गोड हसतो. तुमचाही कुणी लाडका नायक पडद्याने घालवला असेल तर लिहा.

बारक्या_सातारा: पट्ट्यापट्ट्यांची चड्डीच काढून टाकली हो! तिथेच संपलं सगळं.

मुग्धा_के: हसून हसून पुरेवाट! मला तर चड्डी नाही बघून हायसं वाटलेलं.

अण्णा: चड्डीचं काय घेऊन बसलात, सिनेमात वेताळाचा पोशाख जांभळा, आमच्या इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत तो निळा होता. आणि वेताळ राहायचा डेंकाली नावाच्या देशात. सिनेमात बंगाला म्हणाले तेव्हा मी शेजारच्याला विचारलं, हा कुठला देश? मूळ नाव तेच, हे फार उशिरा कळलं.

खडूस_मास्तर: चड्डीने सिनेमे पडत नाहीत. लेखक जेफ्री बोम. इंडियाना जोन्सचा १९८९चा भागही त्याचाच, आणि ते लपत नाही. तीन जादूच्या कवट्या, समुद्री चाचे, विमानातून सुटका... ली फॉकने १९३६ साली उभा केलेला वेताळ स्वतःच्याच गोष्टीत पाहुणा. साडेचार कोटी डॉलर घातले, अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास आले. खलनायक तेवढा झकास. ती सूक्ष्मदर्शकात डोळे फोडायची युक्ती आठवते?

मुग्धा_के: मास्तर, जेवतेय मी!!

चकलीभाजणी: माझा अपेक्षाभंग म्हणजे 'ग्रीन लँटर्न' सिनेमा, २०११. अख्खा पोशाख संगणकावर रंगवलेला, मुंडकं वरून चिकटवल्यासारखं. पुढे त्यातला नायक रायन रेनॉल्ड्सनेच 'डेडपूल' सिनेमात त्याची टर उडवली म्हणून माफ. घाईत लिहितेय, तेल तापलंय.

बारक्या_सातारा: +१. तो बघायला मी क्लास बुडवला होता. घरी कळलं. पुढचं लिहीत नाही.

अण्णा: इंद्रजालमधल्या जादूगार मँड्रेकच्या वाटेला अलीकडे कुणी मोठा सिनेमा घेऊन गेलं नाही तेच बरं.

सासुरवाशीण: सिनेमा पाहिला नाही. पण गोदाकाठताई, गठ्ठा शाबूत कसा राहिला? माझे सगळे अंक लग्नानंतर दादाने रद्दीत घातले. इंद्रजालच्याच बहादुर या नायकाचेसुद्धा. अजून राखीला टोमणा असतो.

गोदाकाठ: अगं अरेरे! आईने डांबराच्या गोळ्या टाकून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले. तरी कडा कसरीने खाल्ल्यात.

अण्णा: डांबराच्या गोळ्या काढा आधी, कागदाला वास धरतो. कडुनिंबाचा पाला वाळवून ठेवा.

सासुरवाशीण: बहादुरचा एखादा जास्तीचा असेल तर सांगशील का गं?

चकलीभाजणी: चकल्या तुटतायत. मोहन कमी पडलं का जास्त? कुणीतरी पटकन सांगा.

मुग्धा_के: जास्त.