हॅटफिल्ड-मॅककॉय: डुकरावरून वैर म्हणे!

रानवाटा: काल इथे एकाने लिहिलं, अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातल्या हॅटफिल्ड आणि मॅककॉय या दोन अडाणी घराण्यांनी एका डुकरापायी एकमेकांचे मुडदे पाडले. वाचून डोकं सटकलं. डुकराचा खटला १८७८ चा, कानाच्या खाचांवरून डुक्कर कुणाचं ते ठरवायचं होतं, सहा हॅटफिल्ड सहा मॅककॉय असे पंच बसले आणि निकाल फ्लॉइड हॅटफिल्डच्या बाजूने लागला. अडाणी लोक कोर्टात जातात का हो? खरी गोम लाकडाची. हॅटफिल्डांचा म्होरक्या डेव्हिल अँस याने पेरी क्लाइन नावाच्या माणसावर झाडं तोडल्याचा दावा लावून त्याची ५००० एकर जमीन घेतली. हाच क्लाइन पुढे पाइकव्हिलला वकील झाला आणि १८८२ च्या खुनांची धूळ खात पडलेली वॉरंटं त्यानेच १८८७ मध्ये उकरून काढली. मधली पाच वर्षं काय झोपला होता? मॅककॉयांशी सोयरीक होती म्हणे, पण मला तरी ती ५००० एकरच दिसते.

कोर्टकज्जा: आलं, सगळं अर्थकारण! अहो १८८२ ला निवडणुकीच्या दिवशी डेव्हिल अँसचा भाऊ एलिसन हॅटफिल्डला तिघा मॅककॉय भावांनी भोसकलं, वर गोळी घातली. तो गेल्यावर हॅटफिल्डांनी त्या तिघांना झुडपांना बांधून गोळ्या घातल्या. यात लाकूड कुठे आलं?

टवाळ: झुडपं लाकडाचीच असतात 😄

सुमाताई: गंमत सुचतेय. १८८८ च्या एक जानेवारीला हॅटफिल्डांनी मॅककॉयांचं घर पेटवलं, त्यांची मुलगी अ‍ॅलिफेअर मारली गेली, तिच्याकडे जाणाऱ्या आईला बंदुकीच्या दस्त्याने झोडपलं. वकील नसता तर ही माणसं सोवळ्यात बसली असती?

पाटीलबुवा: मला त्या सेल्कर्क मॅककॉयचा राग येतो. पंचांत बसून स्वतःच्याच माणसांविरुद्ध मत दिलं. फितूर! आमच्या बांधाच्या केसमध्ये सख्ख्या चुलत्याने समोरच्या पार्टीकडून साक्ष दिली, तेव्हापासून त्याच्या घरचं पाणी पीत नाही आम्ही.

रानवाटा: बुवा, तो डेव्हिल अँसच्या लाकूडतोडीवर कामाला होता. चूल तिथून पेटायची.

पाटीलबुवा: म्हणजे पगार मिळाला की रक्त विकायचं? छान.

सुमाताई: आणि त्याला डुक्कर खरंच फ्लॉइड हॅटफिल्डचं वाटलं असेल तर? पंच आडनावासाठी बसतो की निकालासाठी? तुमचा चुलता खोटं बोलला का, तेवढं सांगा.

पाटीलबुवा: खरं-खोटं हा मुद्दाच नाही.

सुमाताई: झालं! १८७८ ला तुम्हाला पंच नेमलं नाही हे नशीब.

पाटीलबुवा: तोंड सांभाळून. आमच्या घरातलं तुम्हाला काय माहीत?

कोर्टकज्जा: ताई, घरच्यांवर नको. बुवा, तुम्हीच चुलत्याला आणलंत पण. रानवाटा, क्लाइनचं देतो जा तुम्हाला, वॉरंटं जागी झाली नसती तर १८८८ पेटलं नसतं. पण ते ५००० एकर म्हणजे सगळं नव्हे. जमिनीला भाव आणणारी रेल्वे त्यांच्या टग नदीच्या खोऱ्यातून पूर्ण झाली १८९२ ला, तोवर मारामारी उरकलेली.

रानवाटा: उपकार झाले. आणि फाशी कुणाला, तर हॅटफिल्डांच्या बाजूच्या एकट्या एलिसन माउंट्सला, १८९० मध्ये. बुद्धीने मंद म्हणायचे त्याला. डेव्हिल अँस १९२१ पर्यंत जगून घरी मेला.

पाटीलबुवा: सेल्कर्कचं काय झालं ते कुणीच सांगत नाही.