तिठ्यावरच्या जवानाच्या स्मारकाचं आम्ही नेमकं काय करावं?

डिचोलीचो_भुरगो:
नमस्कार. गाव डिचोली तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या वाड्यावरचा एक जण मराठा लाईट इन्फन्ट्रीत होता, ९० च्या दशकात काश्मीरमध्ये कामी आला. तेव्हा तिठ्यावर चिऱ्याचा कट्टा बांधून वर काळ्या ग्रॅनाईटची पाटी बसवलेली. आता वर्षातून दोनदा, १५ ऑगस्ट आणि १९ डिसेंबरला म्हणजे गोवा मुक्तिदिनाला, पाटी पुसतात, हार घालतात, फोटो काढतात आणि तो हार तिथंच सुकत राहतो. मागच्या पावसात एवढं शेवाळ चढलं की नाव वाचता येईना. शाळेतून येणाऱ्या एका पोराला विचारलं हे कोणाचं रे, तर म्हणाला कोणीतरी देणगीदार असतील. खरं सांगतो, रात्री झोप आली नाही. त्या पाटीवर उद्घाटनाला आलेल्यांची नावं वर आणि मोठी आहेत, ज्याच्यासाठी बांधली त्याचं नाव खाली.

आता ग्रामसभेत विषय आलाय. काही जण म्हणतात मोठी कमान बांधूया, काही म्हणतात पुतळा, आणि शहीद लिहायचं की हुतात्मा यावरून पण वाद झाला. आम्ही क्लबची दहा-बारा पोरं आहोत, पैसे फार नाहीत पण हात आहेत. तुमच्या गावात कसं करतात? फौजेची माणसं बोलवता येतात का?

सुभेदार_निवृत्त_वाळपई:
बाबा, आधी तुला शाबास, हे विचारलंस म्हणून. मी २८ वर्षं नोकरी केली, थोडं सांगतो.

बंदुकीची सलामी वगैरे अंत्यविधीला असते, दरवर्षी गावात गार्ड येईल असं धरून बसू नका. सैनिक कल्याण खात्याला आधी पत्र द्या, तालुक्यातले माजी सैनिक कळतील, ते नक्की येतात, आम्हाला कोणी बोलावलं की आम्ही मेडल लावून एक तास आधी हजर असतो. क्रम साधा ठेवा. पुष्पचक्र वाहायचं, मग बिगुलवर लास्ट पोस्ट, दोन मिनिटं मौन, मग राऊज, संपलं. लास्ट पोस्ट ही दिवस संपल्याची धून आणि राऊज ही उठवायची, मधल्या दोन मिनिटांत कोणी माईकवर बोलू नये, त्या वेळी मला माझ्या सेक्शनमधली पोरं दिसतात. बिगुलवाला नाही मिळाला तर स्पीकरवर लावा, चालतं. भाषणं ठेवायचीच असतील तर नंतर, लांब, मांडवात.

झेंड्याचं नीट ऐका. पाटी किंवा पुतळा तिरंग्याने झाकून उद्घाटन करतात ते चूक आहे, ध्वजसंहितेत स्पष्ट मनाई आहे, साधं कापड वापरा, तिरंगा बाजूला मानाने उभा असू दे. आणि आपल्या मनाने अर्ध्यावर उतरवायचा नाही, त्याला सरकारी आदेश लागतो. घरच्यांकडे त्याची मेडल्स असतील तर अशा श्रद्धांजलीला ती लावून यायला त्यांना सांगा, आपली मेडल्स डाव्या छातीवर लावतात, गेलेल्याची घरच्यांनी उजव्या छातीवर. हे बऱ्याच घरांना कोणी सांगितलेलंच नसतं, मेडल्स कपाटात काळी पडतात.

पेडण्यातून:
शब्दाबद्दल माझं मत. संरक्षण मंत्रालयाच्या कागदात शहीद असा शब्द नाहीच, तिथं बॅटल कॅज्युअल्टी म्हणतात. आपल्या मराठीत हुतात्मा आहे आणि मला तोच बरा वाटतो, पण गोव्यात हुतात्मा म्हटलं की डोळ्यासमोर येतात ते मुक्तिलढ्यातले, पणजीच्या आझाद मैदानावरचं स्मारक, आणि आमच्याकडचं पत्रादेवी जिथं १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. म्हणून पाटीवर नावाआधी हुद्दा आणि पलटण लिहा, मग हुतात्मा लिहिलं तरी पोरांचा गोंधळ होणार नाही.

आपल्याकडे ब्रिटिश राज्य नव्हतं त्यामुळे गावागावात पहिल्या महायुद्धाचे दगड नाहीत. घाटावर साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी बघा, पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा स्तंभ आहे तिथं, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत म्हणून तर गावाच्या नावातच मिलिटरी आलं. आमच्याकडे जे आहे ते बहुतेक १९६१ च्या आसपासचं, मुक्तिलढ्याचं. अंजदीव बेटावर १८ डिसेंबर १९६१ ला नौदलाचे सात खलाशी कामी आले, ती मुलं आपल्या गोव्यातली नव्हती तरी आपल्यासाठी गेली. पत्रादेवीला पडलेले कर्नैल सिंग पंजाबातल्या इसरू गावचे, तिथं दरवर्षी १५ ऑगस्टला मेळा भरतो, एवढ्या लांबच्या गावाला आमच्या सीमेवरचं ठिकाण पाठ आहे. आणि आपल्या तिठ्यावरचं नाव आपल्या पोरांना माहीत नाही, हे मनाला लागतं.

कमान बांधू नका असं मी म्हणेन. कमानीखालून गाडी जाते, वाचायला कोणी थांबत नाही.

भाची_फोंडा:
मी इतर वेळी फक्त वाचते पण इथं लिहावंसं वाटलं. माझा मामा सैन्यात असताना गेला, मी तेव्हा दुसरीत. दरवर्षी आजीला स्टेजवर बसवायचे, पाहुणे उशिरा यायचे, म्हातारी दोन-दोन तास उन्हात, मग शाल आणि नारळ. ती कधी नको म्हणाली नाही कारण पोराचं नाव माईकवर ऐकायला मिळायचं. पण पाटीवर मामाचं नाव चुकीचं कोरलेलं, वडलांचं नाव दुसरंच. आजी गेली तोपर्यंत ते कोणी बदललं नाही.

आणखी एक, गाव तारखेने करतं आणि घर तिथीने. आमच्याकडे मामाच्या तिथीला वाडी, म्हणजे नैवेद्याचं पान, दाखवायची, त्या दिवशी बाहेरचं कोणी यायचं नाही. एक वर्ष शेजारच्या भजनी मंडळाने आपणहून येऊन दोन अभंग म्हटले, आजी ते मरेपर्यंत सांगत होती. तेव्हा दादा, काही ठरवायच्या आधी त्यांच्या घरी जा. नाव कसं लिहायचं ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. ख्रिश्चन घर असेल तर त्या दिवशी खुरसाकडे, म्हणजे वाड्यावरच्या क्रॉसपाशी, लादीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) ठेवता येईल का तेही विचारा, आमच्या शेजारच्या वाड्यावर तसं करतात आणि सगळे जातात.

सुभेदार_निवृत्त_वाळपई:
बाय, तू लिहिलंस ते मला पण आधी सुचलं नाही. आधी घर, हे बरोबर.

डिचोलीचो_भुरगो:
सगळ्यांचं देव बरें करूं. काल संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या घरी जाऊन आलो. आई आहेत अजून, ऐंशीच्या पुढे. कमानीचं सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत. नाव विचारलं तर आतून त्याचं शाळेचं सर्टिफिकेट आणलं, त्यावरून उतरवून घेतलं, तिथी पण वहीत लिहिली, भजनाचं विचारलं तर मान हलवून हो म्हणाल्या. पाटी नवीन करतोय, त्यावर फक्त तोच, हुद्दा, पलटण, गाव आणि तारीख.

निघताना म्हणाल्या, रजेवर यायचा तेव्हा शेवटच्या बशीने तिठ्यावर उतरायचा, काळोख असायचा म्हणून मी बॅटरी घेऊन पुढे जायची, आता सुद्धा तिथला दिवा पेटत नाही, तेवढा लावा. आज सकाळी पंचायतीत दिव्याचा अर्ज दिला. त्यांचा माणूस येईपर्यंत क्लबच्या खोलीतून वायर ओढून आम्ही एक बल्ब लावलाय, आत्ता तिथूनच टाईप करतोय.