मीटररूमच्या पायरीवर बसणारी मुलगी (सोसायटी ग्रुप, शनिवार सकाळ)

मेघना ए-302: सुप्रभात. कचरेवाल्या संगीताबाई आजही मुलीला घेऊन आल्यात. काल तिच्या हातात बादली होती. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं गुन्हा आहे. कोणी फोटो काढला तर नाव सोसायटीचं जाईल.

कुलकर्णी काका बी-101: पार्किंग 14 मध्ये लाल ॲक्टिव्हा कोणाची?

शिल्पा बी-204: मेघनाताई, ती वही घेऊन बसते. शाळा दुपारची, घरी कोणी नसतं. बादली आईकडे सरकवत होती फक्त.

मेघना: मी मुलीच्या काळजीनेच म्हणतेय 🙏

शिल्पा: मग डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करून द्या, म्हणजे आत काय ते कळेल. मंगळवारी संगीताताईंच्या बोटात ब्लेड घुसलं, ते ए विंगच्याच बादलीतलं.

मेघना: पुरावा?

नितीन ए-501: डस्टबिनवर सीसीटीव्ही लावा 😂

कुलकर्णी काका: लाल ॲक्टिव्हा. पार्किंग 14.

देशमुख मॅडम सी-103: शाळेत 31 वर्षं फॉर्म भरलेत म्हणून सांगते. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती मिळते, 1977-78 पासून. जातीची अट नाही, उत्पन्नाची नाही. घरून शाळेत जाणाऱ्याला वर्षाला 3,500. पण आईच्या कामाचा दाखला लागतो, तिथंच गाडं अडतं. पालिकेतल्या कायम सफाई कामगाराच्या मुलाला निदान लाड-पागे समितीच्या शिफारशीची, आईबापाच्या जागेवरची वारसा नोकरी तरी असते. म्हणजे परत झाडूच, ते सोडा. हिला तेही नाही. लेटरहेडवर दोन ओळी द्या, दाखल्याला आधार होईल.

जोशी (सचिव): मॅडम, आपल्याबद्दल आदर आहे. पण 'आमच्याकडे काम करते' असं लिहून दिलं की उद्या पीएफ, परवा बोनस. वॉचमनचं प्रकरण विसरलात?

शिल्पा: मग आपला कचरा रोज भुतं नेतात का?

नितीन: वॉचमन पुराण, अध्याय सातवा.

जोशी (सचिव): नितीनराव, आधी दोन तिमाहींचा मेंटेनन्स भरा.

नितीन: आलं! वाटच बघत होतो.

मेघना: माझा मुद्दा राहिलाच. मुलीने आत बसू नये.

देशमुख मॅडम: काल तिनं मला भागाकार विचारला. हातात पाचवीचं गणित होतं, पहिल्या पानावर तुमच्या आर्यनचं नाव.

मेघना: हो. मीच दिलंय. कव्हर घालून.

जोशी (सचिव): लेटरहेडचा विषय पुढच्या रविवारी मीटिंगला घेऊ.

देशमुख मॅडम: शाळेनं फॉर्म शुक्रवारपर्यंत मागितलाय.

कुलकर्णी काका: ॲक्टिव्हा गेली, धन्यवाद. आता तिथे पल्सर आहे.