मदत हवी आहे: 2006 सालच्या गाडीचा एसी अर्ध्या तासात थंडावा सोडतो, कॉम्प्रेसर बदलण्याआधी काय तपासावे?

नमस्कार.

माझ्याकडे 2006 साली घेतलेली, 1100 सीसी पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी असून ती आतापर्यंत 1 लाख 38 हजार किलोमीटर चालली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण दोष गाडीच्या वयाचा असावा आणि त्या काळातील बहुतेक छोट्या गाड्यांच्या एसीची रचना सारखीच आहे. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे गाडी विकून टाकण्याचा सल्ला कृपया देऊ नये; तो मला घरात रोज मिळतो.

मी अकोल्यात राहतो आणि वडिलांना महिन्यातून दोनदा अमरावतीला डॉक्टरांकडे न्यावे लागते. वेळ दुपारची मिळत असल्याने ऐन उन्हात निघावे लागते. बोरगाव मंजू मागे पडेपर्यंत एसी इतका चांगला चालतो, की मागे बसलेले वडील गळ्याभोवती दुपट्टा आवळून घेतात. त्यानंतर, मूर्तिजापूर येण्याआधीच, जाळीतून येणारी हवा प्रथम दमट आणि मग सरळ गरम होते. मधल्या जाळीत मी साधा थर्मामीटर खोचून ठेवला होता. बाहेर 42 अंश असताना सुरुवातीला त्यावर 9 अंश दिसत होते आणि पंचविसाव्या मिनिटानंतर पारा चढत चढत 33 वर गेला. हवेचा झोत मात्र शेवटपर्यंत तेवढाच राहतो. एसीचे बटण दहा-बारा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावले, तर थंडावा परत येतो, पण या वेळी तो दहा मिनिटेही टिकत नाही. हिवाळ्यात किंवा पहाटे असा त्रास एकदाही झालेला नाही.

मार्चपासून मी तीन वेळा कारागिराकडे जाऊन आलो. पहिल्या वेळी 'गॅस कमी आहे' असे सांगून गॅस भरला गेला. दुसऱ्या वेळी असलेला गॅस हवेत सोडून, व्हॅक्युम करून, नव्याने भरला. तिसऱ्या वेळी पुढचा कंडेन्सर (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा भाग) पाण्याने धुतला आणि पुन्हा थोडा गॅस 'वरून' दिला. दर वेळी अठराशे ते दोन हजार रुपये गेले, दर वेळी गाडी दुकानाच्या सावलीत दहा मिनिटे चालवून 'बघा, कशी थंड हवा आहे' असे दाखवण्यात आले, आणि दर वेळी मी मूर्तिजापूरच्या अलीकडे काचा खाली केल्या. तिसऱ्या वेळी मी गेजवरचे आकडे लिहून घेतले. इंजिन 1500 फेऱ्यांवर असताना कमी दाबाच्या बाजूला 38 आणि जास्त दाबाच्या बाजूला 255 पीएसआय असे ते होते.

आता मला कॉम्प्रेसर 'बसला' असे सांगण्यात आले आहे. नव्याचे 19 हजार आणि दुरुस्त केलेल्या जुन्याचे साडेआठ हजार सांगितले आहेत. दुसऱ्या एका दुकानात, जुन्या गाडीत आर-12 असणार, त्याऐवजी दुसरा स्वस्त गॅस भरून देतो, असाही प्रस्ताव आला. बॉनेटखालच्या पुसट झालेल्या चिठ्ठीवर आर-134ए आणि 500 ग्रॅम एवढे अजून वाचता येते, म्हणून मी तेथून निघून आलो.

माझा प्रश्न असा आहे की जो कॉम्प्रेसर पहिली पंचवीस मिनिटे 9 अंशांची हवा देतो, तो खरोखर बसलेला असू शकतो का? आणि नसेल, तर रस्त्याच्या कडेला उभे राहून मला स्वतःला काय पाहता येईल? माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. गॅसला मात्र मी हात लावणार नाही.

प्रतिसाद 1

आपण लक्षणे नीट टिपली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आतून झिजलेला कॉम्प्रेसर दाबातील एवढा फरक निर्माण करू शकत नाही. 42 अंशांच्या उन्हात 38 आणि 255 हे आकडे मला निरोगी वाटतात. खरी अडचण ही की आजवर प्रत्येकाने आपला एसी चालू असताना तपासला, बंद पडल्यावर कोणीही पाहिलेला नाही.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठून तरी गळलेला असतो. गळती न शोधता भरलेला गॅस ही दुरुस्ती नव्हे. शिवाय गळतीमुळे कमी झालेला गॅस दहा मिनिटे विश्रांती दिल्याने परत येत नाही. हा गॅस असा हवेत सोडणेही चूक आहे. आर-134ए ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक प्रभावी आहे. तो यंत्राने काढून घेऊन वजन केला असता, तर खरोखर किती कमी होता हेही पहिल्याच भेटीत कळले असते.

थोडा वेळ चालून थांबणे आणि विश्रांतीनंतर पुन्हा चालणे, याची मुख्यतः तीन कारणे संभवतात. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असेल, तर हवेचा झोत हळूहळू मंदावतो. आपला मंदावत नाही, म्हणून ते वगळावे. नळ्यांमध्ये ओलावा राहिला असेल, तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठतो. त्या वेळी कॉम्प्रेसर फिरतच राहतो, पण कमी दाबाचा काटा शून्याच्याही खाली जातो. तिसरे कारण मला सर्वांत जास्त संभवते, आणि ते म्हणजे मॅग्नेटिक क्लच.

कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर कायम फिरत असते. एसी लावला की तिच्या मागच्या कॉइलचे, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याचे, चुंबक तयार होते, ते पुढची प्लेट पुलीला चिकटवते, आणि मगच कॉम्प्रेसर फिरू लागतो. प्लेट आणि पुली यांमधली फट बहुतेक गाड्यांत 0.3 ते 0.6 मिलिमीटर असते आणि वर्षानुवर्षांच्या घासणीने ती वाढत जाते. दुसरीकडे तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, 75 अंशांच्या वाढीला जवळजवळ 30 टक्के, आणि त्या प्रमाणात प्रवाह घटतो. फट वाढलेली आणि चुंबक दुबळे, असे एकत्र आले की प्लेट सुटते. इंजिनाच्या खोलीत थोडे निवले, की ती पुन्हा चिकटते. हिवाळ्यात त्रास का होत नाही, तेही यातून उलगडते.

पुढच्या वेळी हवा गरम झाली, की एसीचे बटण चालूच ठेवून गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि बॉनेट उघडून फक्त पाहावे. पुली फिरते आहे आणि तिच्या मधोमधची प्लेट स्थिर आहे, असे दिसले, तर क्लचच्या जोडणीवर व्होल्टेज मोजावे. 13 व्होल्टच्या पुढे मिळाले, तर रिले (क्लचला वीज जोडणारा स्विच) व वायरिंग निर्दोष आणि क्लच दोषी. व्होल्टेज मिळालेच नाही, तर रिले, प्रेशर स्विच (गॅसच्या दाबावर चालणारा स्विच) आणि थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) यांच्याकडे वळावे. पट्टा चालू असतो, त्यामुळे दुपट्टा, सैल बाही आणि हात दूर ठेवावेत.

धागालेखकाचे उत्तर

आपले मनःपूर्वक आभार. परवाच्या फेरीत कुरणखेडच्या पुढे हवा गरम झाली, तेव्हा एका झाडाखाली गाडी थांबवून सांगितल्याप्रमाणे पाहिले. पुली भिरभिरत होती आणि मधली प्लेट अगदी निश्चल होती. तिच्यावरचा गंजाचा तांबडा ठिपका एकाच जागी दिसत होता. जोडणीवर 13.7 व्होल्ट मिळाले. वडील सावलीत उभे राहून घड्याळ लावून होते. एसी बंद करून अकराव्या मिनिटाला पुन्हा लावल्यावर 'टक्' असा आवाज झाला आणि तो ठिपका दिसेनासा झाला.

आज नव्या कारागिराने माझ्यादेखत फीलर गेजने फट मोजली. ती 0.95 मिलिमीटर भरली. प्लेटमागे दोन पातळ चकत्या होत्या, त्यांतील एक काढल्यावर फट 0.45 झाली. गॅसला हात लावावा लागला नाही. मजुरी 600 रुपये झाली आणि 41 अंशांच्या उन्हात सव्वा तास गाडी फिरवूनही जाळीतली हवा 10 अंशांच्या वर गेली नाही.

एक शंका उरली आहे. आता एकच चकती शिल्लक आहे. एसी बंद असताना पुलीजवळून बारीक घरघर ऐकू येते आणि एसी लावला की ती थांबते. हा बेअरिंगचा आवाज असावा का?

प्रतिसाद 2

होय, बहुधा. पुली तिच्या बेअरिंगवर एसी बंद असो वा चालू, फिरतच असते, पण एसी लावल्यावर बेअरिंगवरचा भार बदलतो आणि त्यामुळे आवाज थांबू शकतो. ते बेअरिंग गॅस न काढता, केवळ पुली उतरवून बदलता येते. मात्र फार दिवस थांबू नये, कारण बेअरिंग अडकले तर पट्टा तुटतो, आणि काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. पुली उतरवलीच आहे, तर क्लचची कॉइल गार असताना तिचा रोध मोजून घ्यावा. तो साधारण 3 ते 4 ओहम असेल, तर कॉइल बदलण्याचे कारण नाही.