कॅलिपर बदलण्याआधी पिना काढून बघा

पुढचं डावं चाक तापतंय आणि गॅरेजवाला अख्खा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. माझ्या २००६ च्या गाडीलाही हेच सांगितलं होतं, प्रत्यक्षात जाम होती फक्त खालची स्लाइड पिन, म्हणजे जिच्यावर कॅलिपर सरकतो ती. चिपळूणचा पाऊस, पिनवरचं फाटलेलं रबर बूट (आवरण), आत पाणी शिरून गंज. पिन हाताने निघेना, पिळत पिळत काढली तेव्हा तपकिरी चिखलच बाहेर आला.

आधी चाक उचला (नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवाच), ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. घट्ट असेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ऑइल-एअर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. ऑइल उडून चाक लगेच मोकळं झालं, तर दाब अडकतोय. बहुधा ब्रेक ऑइलचा रबरी होज (नळी) आतून फुगलाय. तरीही घट्टच राहिलं, तर पिना किंवा पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) जाम आहे.

पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं आणि पुन्हा तोच त्रास. पिस्टनवर नुसते डाग असतील तर सीलचं किट पुरतं, पण नखाला खड्डे लागले तर पिस्टन बदलाच. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. शेवटी ब्रेक ऑइलमधली एअर काढायला विसरू नका. हे स्वतः पहिल्यांदाच करत असाल तर शेजारी जाणकार माणूस असू द्या, ब्रेकचं काम आहे.