दर, प्रमाण, गुणोत्तर: आरोग्याच्या आकडेवारीत कोणता शब्द कुठे?

विचारणा (नर्सिंगची विद्यार्थिनी)

कम्युनिटी हेल्थच्या प्रकल्पाचा अहवाल ग्रामपंचायतीत वाचून दाखवता येईल अशा मराठीत लिहायचा आहे. अडचण एकाच ठिकाणी येते. 'माता मृत्यू दर', 'माता मृत्यू प्रमाण' आणि 'माता मृत्यू गुणोत्तर' असे तिन्ही शब्द छापलेले सापडतात. अर्भक मृत्यूला मात्र बहुतेक जण 'दर'च म्हणतात. 'प्रमाण' तर कशालाही चालते: साखरेचे प्रमाण, मुलींचे प्रमाण, रुग्णांचे प्रमाण. हे तीन शब्द वेगळे ठेवायचे की कोणताही वापरला तरी चालेल?

प्रतिसाद (पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवणारे)

वेगळेच ठेवायला हवेत, आणि त्यासाठी चौथीत शिकलेले अंश आणि छेद पुरेसे आहेत. कोणताही आकडा समोर आला की आधी छेदात कोण आहे ते पाहा.

अंश छेदाचाच भाग असेल तर ते प्रमाण. तपासलेल्या 200 महिलांपैकी 90 जणींना रक्तक्षय असेल तर प्रमाण 45 टक्के. त्या 90 जणी 200 मध्येच आहेत. अंश आणि छेद दोन निराळे गट असतील तर ते गुणोत्तर. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर 1000 पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. स्त्रिया पुरुषांच्या गटात मोडत नाहीत, म्हणून हे लिंग गुणोत्तर. आणि ठरावीक काळात, ती घटना ज्यांच्या बाबतीत घडू शकते अशा लोकांत ती किती वेगाने घडते, तो दर. दराला काळ चिकटलेला असतो.

आता तुमचा माता मृत्यू. अंशात गरोदरपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून 42 दिवसांत त्याच्याशी निगडित कारणाने दगावलेल्या स्त्रिया. छेदात मात्र स्त्रिया नाहीत, जिवंत जन्मलेली बाळे आहेत! एखादी बाई मृत बाळाला जन्म देऊन दगावली तर ती अंशात येते, पण तिच्या बाळंतपणाची नोंद छेदात होत नाही. म्हणून हे गुणोत्तर. नमुना नोंदणी योजनेच्या (निवडक गावे-वस्त्यांतले जन्म-मृत्यू नोंदवणारी सरकारी पाहणी) 2018-20च्या अहवालात भारतासाठी ते एक लाख जिवंत जन्मांमागे 97 आहे, महाराष्ट्रासाठी 33. त्याच अहवालात माता मृत्यू 'दर'ही दिलेला आहे, त्याचा छेद 15 ते 49 वयाच्या स्त्रिया, आणि तो देशासाठी एक लाखामागे 6 आहे. दोन्हींना 'माता मृत्यू दर' म्हटले तर 97 आणि 6 हे आकडे एकाच नावाखाली येतात. वाचणाऱ्याने त्यातून काय समजायचे?

अर्भक मृत्यू दर हे नाव रूढ आहे, ते तसेच ठेवा. काटेकोर पाहिले तर तोही शुद्ध दर नव्हे. या वर्षी दगावलेली काही बाळे गेल्या वर्षी जन्मलेली असतात, पण छेदात या वर्षीचेच जन्म घेतात. रूढ नावाशी भांडण्यापेक्षा 'दर हजार जिवंत जन्मांमागे' हे शब्द दरवेळी पूर्ण लिहावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (मराठीच्या शिक्षिका)

गोंधळाचे मूळ शब्दातही आहे. संस्कृतात 'मा' म्हणजे मोजणे, त्यावरून प्रमाण. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने. पुढे पुरावा, आदर्श, मोजमाप असे अर्थ एकाच शब्दात नांदू लागले. प्रमाणपत्रात पुरावा आहे, प्रमाणभाषेत आदर्श आहे, 'प्रमाणाबाहेर'मध्ये माप आहे. शाळेच्या गणितात तर दोन गुणोत्तरे समान असली की ती प्रमाणात आहेत असे म्हणतो. त्यामुळे विद्यार्थी 'प्रमाण विचलन' (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचे माप) वाचतो तेव्हा त्याला ते कशाच्या तरी टक्केवारीचे विचलन वाटते. तिथला प्रमाण आदर्श या अर्थाचा आहे.

विचारणाकर्ती

सर, मॅडम, खूप आभार. मग 'रुग्णांचे प्रमाण' म्हणजे इन्सिडन्स की प्रिव्हॅलन्स?

प्रतिसाद (कुष्ठरोग कार्यक्रमात काम केलेले)

ताई, या दोन गोष्टींना एकच शब्द वापरल्याचे परिणाम आमच्या कामात फार जवळून दिसतात. प्रिव्हॅलन्स म्हणजे आज एकूण रुग्ण किती, जुने-नवे सगळे. इन्सिडन्स म्हणजे या काळात नव्याने किती जण आजारी पडले. आजार जितका काळ टिकतो तितकी पहिली संख्या फुगते.

कुष्ठरोगात पूर्वी डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालत आणि तितकी वर्षे नाव रजिस्टरवर राही. बहुविध औषधोपचार (एकाहून अधिक औषधे एकत्र) आल्यावर मुदत ठरली: आता पीबी (कमी जंतू असलेल्या) रुग्णाला सहा महिने, एमबीला (जास्त जंतू असलेल्याला) बारा. उपचार पूर्ण झाले की आरएफटी (उपचारातून मुक्त अशी नोंद) आणि नाव रजिस्टरवरून कमी. साहजिकच नोंदीतले एकूण रुग्ण झपाट्याने घटले, आणि डिसेंबर 2005 मध्ये देशाने दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. औषधांचे यश खरेच मोठे आहे. पण ते उद्दिष्ट एकूण रुग्णांचे होते. त्यानंतरही देशात बहुतेक वर्षी लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडत राहिले. 'कुष्ठरोगाचे प्रमाण नगण्य झाले' एवढेच ऐकलेला माणूस पाठीवरचा बधिर चट्टा दाखवायला येत नाही, आणि उशीर झाला की बोटे वाकडी होतात.

अहवालात 'सध्याचे एकूण रुग्ण' आणि 'वर्षभरातले नवे रुग्ण' असे सरळ लिहा. गावात हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आणखी एक: कुष्ठरोगात आपण मोजतो ते *सापडलेले* नवे रुग्ण. शोधमोहीम जोरात झाली की आकडा वाढतो, त्याचा अर्थ रोग वाढला असा होत नाही.

प्रतिसाद (पीएसएम शिकवणारे)

अगदी बरोबर. छेदाचा हाच प्रश्न केस-कंट्रोल अभ्यासात, म्हणजे रुग्ण आणि बिगर-रुग्ण यांच्या पूर्वीच्या सवयींची तुलना करतात तिथे, येतो. 1950 मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे 649 पुरुष आणि इतर आजारांचे 649 पुरुष घेतले. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे 2, दुसऱ्यात 27; म्हणजे करणारे 647 आणि 622. यावरून 'धूम्रपान करणाऱ्यांपैकी इतके टक्के लोकांना कर्करोग होतो' असे लिहिता येत नाही, कारण रुग्ण आणि बिगर-रुग्ण समसमान घ्यायचे हे संशोधकांनीच ठरवले होते. इथे फक्त ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या 'करणारे भागिले न करणारे' या आकड्यांची तुलना, काढता येतो: (647 गुणिले 27) भागिले (2 गुणिले 622), म्हणजे सुमारे 14. त्याला 'धोक्याचे प्रमाण' म्हणू नका. ऑड्स रेशो हा शब्द देवनागरीत तसाच ठेवा आणि खाली चार आकड्यांचा तक्ता द्या.